झाकली मूठ : तान्ह्या बाळाच्या हाताचा एक अभ्यास

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. घरातील उणे चारचौघांत उघडे पडू नये, अब्रू राखली जावी, एवढाच तिचा मथितार्थ. व्यवहारात ती पुष्कळदा उपयोगी पडते, हेही खरे. परंतु एक मूठ अशी आहे की ती ठरावीक मुदतीत उघडलीच पाहिजे. आणि न उघडली तर ती चारचौघांपासून झाकून ठेवण्यात घराचा मोठाच तोटा आहे. ती मूठ म्हणजे पाळण्यातील बाळाची. तिच्याविषयी चार शब्द लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असे विश्वस्त मंडळींनी आम्हांस सांगितले, तेव्हा शाळा, अभ्यास, परीक्षा हेच विषय प्रथम डोळ्यांपुढे आले. आम्ही पेशाने शिक्षक. मूल आमच्या हाती येते ते सहाव्या वर्षी. पाळण्यातल्या बाळाशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील तर ते गैर नव्हे. तथापि सहाव्या वर्षी वर्गात दिसणाऱ्या कित्येक अडचणींचे मूळ सहाव्या महिन्यात असते, हे वीस वर्षांच्या नोकरीत आम्हांस हळूहळू कळून आले. आम्ही वैद्य नव्हे. सबब येथे औषधोपचार सांगण्याचा अधिकार आमचा नाही. केव्हा निर्धास्त असावे आणि केव्हा वैद्याकडे जावे, एवढेच जाणत्यांकडून विचारून व वाचून आम्ही जे शिकलो, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

दोन प्रसंग

काही वर्षांपूर्वी आमच्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा आला. बोलका, गोष्टी ऐकण्याची भारी हौस, बेरीज तोंडी करणारा. परंतु लिहावयास बसला की वही सरके, ओळी तिरक्या जात, पान चुरगळे. उजवा हात लिही, डावा मांडीवर मूठ करून पडलेला असे. 'दुसऱ्या हाताने वही धर' असे आम्ही त्यास एकदा नव्हे, अनेकदा बजावले. एके दिवशी तर आळशी म्हणून चार मुलांदेखत बोललोही. मुलाने मान खाली घातली, पण वही काही धरली नाही. मधल्या सुटीत त्याचा डबा उघडण्यास दुसरा मुलगा मदत करताना दिसला, तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला की हा धरीत नाही असे नव्हे, ह्यास धरता येत नाही.

आईस बोलावून घेतले. ती म्हणाली, 'गुरुजी, तो चार महिन्यांचा असल्यापासून सगळे उजव्या हातानेच घ्यायचा. घरात केवढे कौतुक झाले! आजी म्हणायच्या, उजव्या हाताचा आहे, हुशार निघणार. डावी मूठ तेवढी मिटलेली असायची. होईल हळूहळू, असे सगळेच म्हणाले.' पुढे तपासणी झाली. मेंदूच्या एका बाजूस अगदी आरंभीच इजा झाल्यामुळे शरीराच्या दुसऱ्या बाजूचा हात व पाय आखडलेला, अशा प्रकारची सेरेब्रल पाल्सी निघाली. बुद्धीस काहीही झालेले नव्हते. व्यायाम देणाऱ्या बाईंनी सांगितले की आताही पुष्कळ करता येईल, पण पहिल्या वर्षात आला असता तर याहून अधिक करता आले असते. त्या दिवशी आम्ही घरी परतलो ते मान खाली घालूनच. आईने पाच वर्षे जे पाहिले नाही, ते आम्हीही पाच महिने पाहिले नव्हते.

दुसरा प्रसंग आमच्या घरातला. आमच्या भाचीस पहिला मुलगा झाला. तीन आठवड्यांचे बाळ. दोन्ही मुठी घट्ट. भेटावयास आलेल्या कोणी तरी सहज म्हणून गेले, 'मूठ उघडत नाही वाटतं? डॉक्टरला दाखवलंत का?' झाले! पोरीची झोप उडाली. रात्री उठून उठून ती बाळाची बोटे सरळ करावयास बसे. बाळ रडे, तीही रडे. चौथ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी पाहिले आणि हसून सांगितले की तीन आठवड्यांच्या बाळाची मूठ मिटलेली नसती, तर आम्हांला चिंता वाटली असती.

एका घरी नको तेवढा धीर, दुसऱ्या घरी नको तेवढी भीती. दोन्हींचे कारण एकच. मूठ केव्हा मिटलेली असावी आणि केव्हा उघडावी, याचे वेळापत्रक कोणासच ठाऊक नव्हते.

मूठ मिटलेली का असते ?

नवजात बाळाच्या तळहातावर आपले बोट ठेवले की ते बोट घट्ट पकडते. पाहुण्यांस वाटते, बाळाने ओळखले. वस्तुतः ती ओळख नव्हे. डोळ्यांपाशी काही आले की पापणी जशी आपोआप मिटते, तशीच ही आपोआप होणारी क्रिया आहे. तिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. गर्भ सुमारे १६ आठवड्यांचा असतानाच तिचा आरंभ झालेला असतो. ही पकड मोठी बळकट असते. १८९१ साली लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने नवजात बालकांस काठी धरावयास देऊन, ती स्वतःचे वजन काही क्षण तोलून धरू शकतात, असे दाखविले होते. हा प्रयोग घरी कोणीही करू नये. पकड केव्हा सुटेल याचा नेम नसतो. मिटलेली मूठ हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे, एवढे समजण्यापुरताच त्याचा उपयोग.

आरंभी हातावर ताबा असतो तो मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग यांचा. पुढील महिन्यांत मेंदूच्या वरच्या थरापासून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे मार्ग पक्के होत जातात आणि आपोआप होणारी पकड मागे सरून इच्छेने होणारी पकड तिची जागा घेते. जुनी पकड साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यात मावळते. म्हणजे मूठ उघडणे ही केवळ बोटांची गोष्ट नाही. मेंदूचा कारभार वरच्या अधिकाऱ्याकडे गेल्याची ती वर्दी आहे. ही वर्दी वेळेवर आली नाही तर चौकशी करावयास हवी, ती एवढ्यासाठीच.

आमच्या घरी बाळंतपणाच्या वेळी एक वाळलेली वनस्पती पाण्याच्या वाडग्यात ठेवण्याची जुनी रीत होती. अरबीत तिला 'कफ मरियम' म्हणतात. कफ म्हणजे तळहात. वाळली की ती आवळलेल्या मुठीसारखी दिसते आणि पाण्यात ठेवली की काही तासांत तिच्या काड्या आपोआप पसरतात. तिचा औषध म्हणून उपयोग करू नये आणि पोटात तर मुळीच घेऊ नये. परंतु लहानपणी पाहिलेली एक गोष्ट आमच्या लक्षात राहिली आहे. त्या काड्या कोणी हाताने ओढून उलगडीत नसे. आजी वाडग्याजवळ बसून नुसती पाहत असे. बाळाच्या मुठीचेही असेच आहे. ती ओढून उघडावयाची नसते. पण तिच्याकडे पाहत मात्र राहावयाचे असते.

मुठीचे वेळापत्रक

पुढील महिने ढोबळ आहेत. दोन-चार आठवडे इकडे-तिकडे होणे स्वाभाविक होय. बाळ दिवसांआधी जन्मले असल्यास वय जन्मतारखेपासून न मोजता, ज्या तारखेस जन्मावयाचे होते त्या तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळास चार महिने झाले तर या कामापुरते त्याचे वय दोनच महिने धरावे. नाही तर आई विनाकारण घाबरते.

पहिला महिना : मुठी बहुधा मिटलेल्या. अंगठा कधी आत, कधी बाहेर. दूध पिऊन तृप्त झाल्यावर व गाढ झोपेत हात सैल पडतो. असे अधूनमधून सैल पडणे हे चांगले लक्षण.

दुसरा व तिसरा महिना : मूठ उघडी राहण्याचा वेळ वाढत जातो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळ आपलाच हात डोळ्यांसमोर धरून टक लावून पाहते. आजी म्हणते, 'हाताशी बोलतोय.' आजीचे म्हणणे फारसे चुकीचे नाही. डोळा आणि हात यांची ओळख येथे होत असते.

चौथा महिना : जागेपणी मुठी बहुतेक वेळ उघड्या. दोन्ही हात छातीवर एकत्र येतात, एकमेकांस चाचपतात. हातात खुळखुळा दिला तर धरतो व तोंडाकडे नेतो.

पाचवा व सहावा महिना : पाळण्यावरील चिमणाळ्याकडे हात नेऊन ते पकडतो. आधी पंजाने ओढतो, नेम चुकतो, पुन्हा नेतो. आपल्याकडे उष्टावणाचा समारंभ ज्या सुमारास होतो, त्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत एका हातातील वस्तू तो दुसऱ्या हातात घेऊ लागतो. ही साधी दिसणारी क्रिया मोठी महत्त्वाची. मेंदूच्या दोन्ही बाजू एकमेकींशी बोलू लागल्याची ती खूण होय.

नववा व दहावा महिना : अंगठा व तर्जनी यांची चिमटी. ताटलीतील मऊ शिजलेल्या भाताचा एक दाणा उचलून तोंडात घालणे. हीच चिमटी पुढे आमच्या वर्गात पेन्सिल धरते.

बारावा महिना : धरलेली वस्तू मुद्दाम सोडता येणे, मागितली असता दुसऱ्याच्या हातावर ठेवणे, टाळ्या, टाटा, आणि हव्या त्या वस्तूकडे बोट दाखविण्याचा आरंभ.

सहाव्या महिन्यात घेता येते. हातातले आपण होऊन दुसऱ्यास देणे जमावयास मात्र वर्ष लागते. पुष्कळांस ते पुढेही साधत नाही, असो.

हे वेळापत्रक आम्ही परदेशातून आणलेले आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी मुलांच्या वाढीचे तक्ते तयार केले आणि तेथेच हॅल्व्हरसन यांनी १९३१ साली चलच्चित्रांच्या साहाय्याने बाळांच्या पकडीचा बारकाईने अभ्यास केला, हे खरे. परंतु आपल्या वडोदऱ्याचेही या विषयाशी नाते आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत डॉ. प्रमिला फाटक यांनी याच शहरातील बालकांच्या पाहणीवरून भारतीय मुलांसाठी विकासाची प्रमाणे बसविली. त्यांतून जी मापनपद्धती सिद्ध झाली तीत जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या वयासाठी हालचालींच्या ६७ व मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत आणि तज्ज्ञ मंडळी ती देशभर वापरतात. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने १७ बाबींचा एक सुटसुटीत तक्ताही केला आहे. म्हणजे ज्या गावाने भारतीय बाळांचे माप घेण्यास शिकविले, त्याच गावात आम्ही आपल्या बाळांकडे माप न घेता पाहतो!

चिंतेच्या खुणा

खालीलपैकी एखादी खूण आढळली म्हणजे रोग झालाच असे नव्हे. परंतु 'होईल हळूहळू' म्हणून बसून न राहता बालरोगतज्ज्ञांस दाखवावे, एवढा तिचा अर्थ निश्चित होतो.

(१) चार महिने पुरे झाले तरी जागेपणी, शांत असतानाही मुठी बहुतेक वेळ घट्ट, आणि अंगठा सतत बोटांच्या आत दाबलेला.

(२) एक मूठ उघडी व दुसरी मिटलेली; किंवा एक हात खेळतो व दुसरा स्वस्थ. हा फरक कोणत्याही वयात दाखविण्यासारखा आहे.

(३) वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर. ही गोष्ट सर्वांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. डावखुरा की उजवा, हे पहिल्या वर्षात ठरत नसते. बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. वर्ष होण्यापूर्वीच एका हाताची ठाम आवड दिसली तर ती आवड नसून दुसऱ्या हाताची अडचण असण्याचा संभव असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी ज्याचे कौतुक झाले, ते खरे पाहता सावधगिरीची घंटा होती. पारख सोपी आहे. उजव्या हातात वस्तू असताना डाव्या बाजूने दुसरी पुढे करावी आणि डावा हात येतो का ते पाहावे. मग उलट करावे.

(४) जन्मापासूनच एक हात निपचित. बाळंतपणात खांदा अडकल्यास मानेतून हातात जाणाऱ्या शिरांस ताण बसतो. १८७४ साली जर्मन वैद्य विल्हेल्म एर्ब यांनी वर्णिलेल्या प्रकारात हात अंगाशी सरळ पडून राहतो, तळवा मागे वळलेला व मनगट वाकलेले असते. बोटांची पकड मात्र बहुधा शाबूत असते. याहून खालच्या शिरा दुखावल्या तर पंजाच लुळा पडतो. हा प्रकार १८८५ साली ऑगस्टा क्लुम्पके या विदुषीने वर्णन केला. यातील बहुतेक बाळे काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतात. तरीही तीन महिन्यांत कोपर वाकविता येऊ लागले नाही तर या विषयातील शल्यवैद्याचा सल्ला घ्यावा.

(५) सहा महिने झाले तरी वस्तूकडे हात न नेणे, नऊ महिने झाले तरी एका हातातून दुसऱ्या हातात न घेणे, वर्ष झाले तरी चिमटीने न उचलणे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. हात न नेण्याचे कारण नेहमी हातातच असते असे नाही. बाळास दिसतच नसेल तर ते हात कशासाठी पुढे करील? सबब डोळ्यांचीही तपासणी करून घ्यावी. दीड वर्षापर्यंत बोट दाखविणे, टाटा करणे यांपैकी काहीच नसेल तर ऐकणे व माणसांत मिसळणे यांचीही तपासणी हवी.

(६) आलेली गोष्ट जाणे. घेता येत होते ते येईनासे होणे, ही खूण कोणत्याही वयात ताबडतोब दाखविण्याची. ऑस्ट्रियाचे डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली अशा मुलींचे वर्णन केले, की ज्या वर्ष-दीड वर्षापर्यंत ठीक असतात आणि मग हातांचे कसब गमावून हात धुतल्यासारखे सारखे चोळीत बसतात. त्याचे कारण असलेला जनुकीय दोष १९९९ साली सापडला.

(७) दोन्ही हात एकदम झटक्याने पसरून किंवा आवळून मान पुढे पडणे आणि असे ओळीने अनेकदा, विशेषतः झोपेतून उठताना होणे. घरची मंडळी यास दचकणे किंवा पोटदुखी समजतात. १८४१ साली वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टराने हा विकार प्रथम आपल्याच तान्ह्या मुलात पाहून जगास कळविला. यात एक दिवसही दवडू नये. जमल्यास भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करून तेच डॉक्टरांस दाखवावे.

ज्यांस भिऊ नये

झोपेतील हलकीशी थरथर, रडताना मूठ आवळणे, दूध पिताना मुठी मिटणे, हात चोखणे, गोंगाटाने दोन्ही हात एकदम पसरून पुन्हा जवळ घेणे, या सर्व नेहमीच्या गोष्टी होत. शेवटच्या क्रियेचे वर्णन बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली केले. ती दोन्ही हातांत सारखी असावी, एवढेच पाहावयाचे. तळहातावर एकच आडवी रेघ दिसली की काही लोक आईस घाबरवितात. डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ मुलांत अशी रेघ असते हे खरे. परंतु ती कित्येक निरोगी माणसांच्या हातावरही असते. नुसत्या रेघेवरून निदान होत नाही आणि भविष्य तर त्याहून होत नाही.

घरात काय करावे, काय करू नये

मूठ जबरदस्तीने उलगडू नये. मुठीच्या पाठीवरून, करंगळीच्या बाजूने, बोट हळुवार फिरवावे. ती आपण होऊन सैल होते. रोज न्हाऊ घालताना अशा रीतीने मूठ उघडून आतील मळ व दुपट्याचे तंतू पुसावेत, कोरडे करावे. बोटांभोवती आईचा केस किंवा दोरा गुंडाळलेला नाही ना, हे अवश्य पाहावे. बाळंतपणानंतर केस पुष्कळ गळतात. एखादा केस बोटास आवळून बसला तर बोट सुजते आणि बाळ का रडते हे कोणास उमगत नाही.

न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हातचे हलके मालीश गोड लागते, ते खुशाल करावे. परंतु हातपाय ताणणे, खांद्यातून ओढणे, उलटे धरणे बंद करावे. नखांनी ओरखडे उठतात म्हणून दिवसभर हातमोजे घालून ठेवण्यापेक्षा नखे कापावीत. हात झाकलेला असला तर बाळ शिकणार कशावर ? दुपट्यात हात जखडून दिवसभर गुंडाळून ठेवू नये. जागेपणी, कोणी जवळ असताना, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथे निजवावे. हातांवर भार पडला की तळवे आपोआप उघडतात. झोपवावे मात्र उताणेच. खेळणे महाग हवे असे नाही. लाकडी चमचा, स्वच्छ धुतलेली वाटी, आईची बांगडी एवढे पुरे. लहान मणी, नाणी, शेंगदाणे मात्र दूर ठेवावेत. हाती आलेले सर्व बाळ तोंडात घालते.

दोष कोणाचा ?

मुलात काही उणे निघाले की घरात पहिला प्रश्न होतो तो 'कोणामुळे ?' आणि उत्तर बहुधा सुनेच्या माथी येते. ग्रहण पाहिले असेल, उपास केले असतील, माहेरी असेच कोणी असेल. विल्यम लिट्ल यांनी १८६१ साली लंडनमध्ये निबंध वाचून अवघड बाळंतपण व आखडलेले हातपाय यांचा संबंध दाखविला, तेव्हा सर्व दोष बाळंतपणाकडे गेला. पुढे १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी, कित्येकदा मूळ त्याही आधी गर्भातच असते, असे मत मांडले. आज दोन्ही गोष्टी मान्य आहेत. दिवसांआधी जन्म, जन्मतः श्वास कोंडणे, फार वाढलेली कावीळ, मेंदूचा ज्वर, गर्भातील विकार अशी अनेक कारणे असतात आणि काही वेळा कारण सापडतही नाही. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. दोष शोधण्यात गेलेला प्रत्येक महिना बाळाच्या खात्यातून वजा होतो.

कारण पहिल्या वर्षांत मेंदू घडत असतो आणि जे मार्ग वापरावे ते पक्के होतात. म्हणून तज्ज्ञ हल्ली वाट पाहत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात, सेरेब्रल पाल्सीचे निदान सहा महिन्यांच्या आतही होऊ शकते व लगेच व्यायाम सुरू करावेत, असे सांगितले आहे. एका बाजूचा हात मागे पडला असेल तर चांगल्या हातास थोडा वेळ मऊ मोजा घालून दुसऱ्यास खेळास लावण्याची पद्धतही तान्ह्यांसाठी निघाली आहे. मात्र ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाची. घरी वाचून नव्हे. यांनी हात पूर्ववत होतो असे आश्वासन आम्ही देणार नाही. वही धरता येणे, गुंडी लावता येणे, डबा उघडता येणे, एवढेही मुलास फार मोठे असते.

कोठे जावे, हेही सांगून ठेवू. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा तपासणी होते, आणि पुढील उपचारासाठी जिल्हास्तरावर लवकर हस्तक्षेप केंद्रे ठेवली आहेत. आईजवळच्या ममता कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात; लस टोचून झाली की ते कार्ड कपाटात जाते, ते वाचावे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. प्रमाणपत्र घेण्यात कमीपणा मानू नये.

न्यासास विनंती

आपला न्यास दरवर्षी वह्या वाटतो, फीस मदत करतो, गुणवंतांचा सत्कार करतो. ही सर्व मदत मुलास पोहोचते ती सहाव्या वर्षानंतर. महोत्सवाच्या वर्षी एक छोटी मागणी आहे. वर्षातून दोन सकाळी न्यासाच्या सभागृहात बालरोगतज्ज्ञ व व्यायामतज्ज्ञ यांस बोलावून वर्षाच्या आतील सर्व बाळांस पाहून घ्यावे. वरील वेळापत्रक एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक बारशास व प्रत्येक अकिक्यास अहेराबरोबर द्यावे. खर्च किरकोळ आहे. तपासणीस सर्वच बाळे आणावीत, निवडक नव्हे. म्हणजे कोणाचे बाळ 'दाखवावयास' आणले आहे हा प्रश्नच उरणार नाही, आणि झाकली मूठ झाकून ठेवण्याचे कारणही उरणार नाही.

तो विद्यार्थी आता वरच्या वर्गात गेला आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा सायकलच्या मुठीवर डावा हात टेकवून उभा होता. बोटे पुरती वळत नव्हती, पण टेकली होती. 'गुरुजी, आता वही सरकत नाही,' म्हणाला. आम्ही त्यास शाबासकी दिली आणि पूर्वी वर्गात बोललो होतो त्याबद्दल त्याची क्षमाही मागितली. त्यास ते आठवतही नव्हते. आम्हांस आठवते, म्हणून हा लेख लिहिला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी पाळणा हलत असेल त्यांनी आज रात्री बाळ शांत जागे असताना त्याचे दोन्ही हात दोन मिनिटे पाहावेत. बहुतेक घरी चिंतेचे काही निघणार नाही, आणि पाहण्याचा आनंद तेवढा पदरी पडेल. एखाद्या घरी शंका आली तर ती उद्या सकाळी डॉक्टरांस विचारावी. शेजारणीस नव्हे, आणि पुढल्या वर्षी तर मुळीच नव्हे.